शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आरोग्य या विषयावर आम्ही चार शब्द सांगावेत, असे चिटणीसांचे पत्र हाती आले, तेव्हा पाकिटावरचा पत्ता चुकला असावा असेच आम्हांस प्रथम वाटले. आम्ही मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. सदतीस वर्षे मुळाक्षरे आणि पाढे शिकविण्यात गेली. आपल्या ज्ञातीत आज नामांकित डॉक्टर आहेत, त्यांतील काही या मंडपात समोरच बसले आहेत. त्यांच्यापुढे शरीर आणि व्याधी यांविषयी आम्ही बोलणे म्हणजे पंतोजीने पंडितांस व्याकरण सांगण्यासारखे होईल. परंतु विचार करता असे ध्यानात आले की, रुग्णालयात डॉक्टर आणि रुग्ण यांखेरीज आणखी दोन माणसे असतात. एक परिचारिका आणि दुसरा रुग्णाचा नातलग. यांपैकी नातलगाचे काम आम्ही पुष्कळ केले आहे आणि ते वाईट केले आहे. त्याच अनुभवाच्या अधिकाराने आज आम्ही उभे आहोत. जे सांगणार आहोत त्यात उपदेश थोडा आणि कबुली अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सन २०११ च्या पावसाळ्याअखेर आमच्या कुटुंबाच्या पित्ताशयातील खडे काढण्याची शस्त्रक्रिया ठरली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात आदल्या दिवशी दाखल झालो. मुंबईहून मेहुणे रजा काढून आले, कन्या सासरहून आली. रात्री दहानंतर काहीही खाऊपिऊ नये, पाणीसुद्धा विचारल्यावाचून घेऊ नये, अशी ताकीद मिळाली होती. ती आम्ही ऐकली. सदतीस वर्षे दुसऱ्यांना ताकीद देण्यात घालविलेल्या माणसास ताकीद ऐकण्याची सवय नसते, एवढेच.

पहाटे पाचला कुटुंब जागे झाले. चहावाचून डोके धरले म्हणाले. तीस वर्षांत पाचचा चहा कधी चुकला नव्हता. आम्हांस दया आली. फाटकाबाहेरच्या टपरीवरून अर्धा कप चहा आणि दोन बटर आणून पदराआड खाऊ घातले, आणि “कोणास सांगू नकोस” असेही बजावले. मायेने केलेली गोष्ट अपायकारक असू शकते, हे आम्ही मुलांच्या पालकांना शेकडो वेळा सांगितले असेल. स्वतःच्या बाबतीत ते आठवले नाही.

आठच्या सुमारास एक परिचारिका आली. वय फार तर चोवीस-पंचवीस. तिने विचारले, “काकी, काही खाल्लंत, प्यायलात का?” कुटुंबाने मान हलवून नकार दिला, आम्हीही शेजारून मान हलविली. तिने लिहून घेतले. मग बांगड्या, नथ, जोडवी काढून आमच्या हाती दिली, मंगळसूत्र काढताना कुटुंबाचे डोळे भरून आले तेव्हा काळ्या मण्यांचा दोरा स्वतःच्या हाताने पुरचुंडीत बांधून “बाहेर आल्या आल्या पहिल्यांदा हेच घालू” असा दिलासा दिला, नखांचा रंग पुसून काढला, आणि हे सर्व करता करता सहज गप्पांच्या ओघात म्हणाली, “काकी, घरी सकाळचा चहा किती वाजता लागतो तुम्हांला?”

“पाचला,” कुटुंब म्हणाले.

“मग आज पाचचा चहा कोणी दिला?”

“ह्यांनी.”

मंडळी, आम्ही जन्मभर प्रश्न विचारण्याचा व्यवसाय केला. ‘समजले का?’ असे वर्गात विचारले की सगळी मुले ‘हो’ म्हणतात आणि समजलेले कोणालाच नसते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येते, त्याच्या आड माणसाला लपता येते. ‘कधी’, ‘किती’, ‘कोणी’ असे विचारले म्हणजे लपावयास जागा राहत नाही. ही गोष्ट त्या मुलीस आमच्यापेक्षा चांगली अवगत होती.

तिने भूल देणाऱ्या डॉक्टरांना तत्काळ कळविले आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. आमचा संताप अनावर झाला. अर्ध्या कप चहासाठी एवढा खोळंबा! माणसे रजा काढून आलेली, खर्च वाढणार. त्या भरात आम्ही जे बोललो ते या सभेत उच्चारताना आजही मान खाली जाते. आम्ही म्हणालो, “असली कामे करणाऱ्या मुलींना मोठ्या माणसांशी बोलण्याची रीत कोठून असणार?” ती मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, तुम्ही हवं तर रागवा. पण चहा पोटात असताना मी त्यांना आत पाठवणार नाही.” आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. आमची कन्या तिच्यामागून बाहेर गेली. वडिलांच्या वतीने तिने त्या मुलीची क्षमा मागितली, हे आम्हांस पुढे दोन दिवसांनी कळले.

सायंकाळी भूल देणारे डॉक्टर आले. आमच्या रागाची वार्ता त्यांच्या कानी गेली असावी. त्यांनी आमच्याच वहीच्या पाठीवर दोन नळ्यांचे चित्र काढले, एक अन्ननलिका आणि दुसरी श्वासनलिका. जागेपणी घास चुकून श्वासनलिकेकडे गेला की ठसका लागतो आणि तो बाहेर येतो. तो ठसका म्हणजे देवाने बसविलेला पहारेकरी होय. भूल दिली म्हणजे हा पहारेकरीही झोपतो. अशा वेळी जठरात अन्न असेल तर ते आम्लासह वर येते आणि कोणताही अडथळा न होता फुप्फुसात उतरते. जठरातले आम्ल फुप्फुसाला भाजून काढते, अन्नाचे कण श्वासमार्ग बंद करतात. अमेरिकेतील मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरांनी भूल दिलेल्या बाळंतिणींच्या बाबतीत या अनर्थाचे पद्धतशीर वर्णन १९४६ साली केले, तेव्हापासून उपाशीपोटी राहण्याच्या नियमाला सर्वत्र शास्त्राचा आधार मिळाला. मोठ्या माणसांसाठी सामान्य नियम असा की, हलक्या अन्नानंतर सहा तास आणि जड किंवा तेलकट जेवणानंतर आठ तास जावे लागतात. स्वच्छ पाणी मात्र डॉक्टरांच्या अनुज्ञेने दोन तास आधीपर्यंत चालू शकते. “आणि दुधाचा चहा, गुरुजी,” डॉक्टर म्हणाले, “तो पाण्यात धरत नाहीत. तो अन्नात धरतात.”

त्या रात्री रुग्णालयाच्या ओसरीत आम्हांस झोप आली नाही. त्या मुलीने आपला पहिला प्रश्न विचारून, मिळालेले उत्तर लिहून, पुढची खाट गाठली असती तर कोणीही तिला बोल लावला नसता. कागदावर ‘नाही’ हे आमचेच उत्तर होते.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्र येते आणि ते धरणारा हात येतो. तो हात थोर आहे यात संशय नाही. परंतु केवळ हाताच्या कौशल्याने माणसे वाचत नव्हती. १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखविली आणि वेदना जिंकली गेली, तरी जखमा चिघळून रुग्ण दगावतच राहिले. १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक राखण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा चिघळण्याला आळा बसू लागला. या दोहोंच्या मधल्या काळात, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस स्त्रियांना घेऊन क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयात गेल्या. तेथे घावांनी जितके सैनिक मरत होते त्यांहून किती तरी अधिक घाणीतून उद्भवणाऱ्या रोगांनी मरत होते, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचर्येचे विद्यालय निघाले. परिचर्या ही केवळ दयेची बाब नसून शिकून करावयाची विद्या आहे, ही गोष्ट तेव्हापासून जगाने मान्य केली.

आता या विद्येत काय काय येते ते पाहू. रुग्ण शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी त्याचे नाव त्याच्याच तोंडून वदवून घेणे, शस्त्रक्रिया डाव्या अंगाची की उजव्या याची खूण पाहणे, कोणते औषध सोसत नाही हे विचारणे, हे पहिले काम. दागिने काढावयाचे ते चोरीच्या भयाने नव्हे. रक्त थांबविण्यासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरतात, त्यामुळे अंगावरच्या धातूच्या ठिकाणी भाजण्याचा संभव असतो. नखांचा रंग पुसावयाचा तो अशासाठी की, बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नखाआडून मोजतो, आणि रंगामुळे त्याची गफलत होऊ शकते.

आत गेल्यावर एक परिचारिका निर्जंतुक पोशाखात शस्त्रवैद्यांच्या शेजारी उभी राहून अवजारे देते आणि दुसरी बाहेरची सर्व व्यवस्था पाहते. दोघी मिळून कापडाच्या घड्या, सुया आणि अवजारे मोठ्याने मोजतात. आरंभी मोजतात, पोट शिवण्यापूर्वी मोजतात आणि शेवटी कातडी शिवताना पुन्हा मोजतात. आकडा जुळला नाही तर कितीही मोठे डॉक्टर असोत, त्यांना थांबावे लागते. आम्ही मुलांना सहलीस नेत असू तेव्हा गाडीत चढताना, उतरताना आणि समुद्रावरून परतताना मुले मोजत असू. एक मूल कमी भरले तर गाडी हलत नसे, मग चालक कितीही ओरडो. पोटात राहिलेली एक घडी ही समुद्रावर राहिलेल्या मुलासारखीच होय.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या सर्व विचारण्या-मोजण्याची एकच तपासणी-यादी तयार केली. तिचे तीन टप्पे आहेत: भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी. या कार्याचे नेतृत्व अमेरिकेतील शस्त्रवैद्य डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे घराणे विदर्भातील उटी या खेड्यातले, हे ऐकून आपणांस आनंद वाटेल. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली आणि निष्कर्ष २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. नवे औषध नाही, नवे शस्त्र नाही. विचारावयाचे ते मोठ्याने विचारले आणि मोजावयाचे ते न चुकता मोजले, एवढाच फरक.

शस्त्रक्रिया झाल्यावर तरी काम संपते असे नाही. भूल उतरत असताना जीभ मागे पडून श्वास कोंडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहणे, नाडी आणि रक्तदाब ठरावीक अंतराने टिपणे, लघवी किती झाली हे मोजणे, दुखणे सोसवेल इतके कमी करणे आणि दुसऱ्या दिवशी, रुग्ण नको म्हणत असता, त्यास धरून चार पावले चालविणे. हे चालविणे म्हणजे निर्दयपणा असे आम्हांस तेव्हा वाटले होते. पडून राहिल्याने पायांतील रक्त साकळते आणि ती गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून चालवितात. आमच्या कुटुंबास दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने चालविले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती, आणि काळ्या मण्यांचा दोरा वचनाप्रमाणे सर्वांआधी गळ्यात गेला होता.

आता कबुलीचा दुसरा भाग. २००३ साली आमची कन्या बारावी उत्तीर्ण झाली, तेव्हा परिचर्येच्या अभ्यासक्रमाचा अर्ज तिने स्वतः आणून आमच्यापुढे ठेवला होता. आम्ही तो फाडला नाही, पण परतही दिला नाही. पेटीच्या तळाशी ठेवून दिला आणि मुदत जाऊ दिली. आमची कारणे आपणांस सांगावयास नकोत, कारण ती आपणा सर्वांच्या घरात आहेत. रात्रपाळी, परपुरुषाच्या अंगास हात लावणे, मलमूत्र काढणे आणि या सर्वांच्या शेवटी, “उद्या स्थळे येतील ती काय म्हणतील?” तिने शिक्षणशास्त्राची पदविका घेतली, विवाह झाला, ती सुखात आहे. परंतु आठ वर्षांनी त्या रुग्णालयात, आम्ही एका अनोळखी मुलीस टाकून बोललो, तेव्हा आमची कन्या तेथे उभी होती. तिला तेव्हा काय वाटले असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस अजून झालेले नाही.

या कारणांना उत्तर फार जुने आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई रानडे यांनी तेथे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येच्या शिक्षणासाठी पुढे आणले आणि ससून रुग्णालयात पाठविले. तेव्हा हेच आक्षेप घेतले गेले होते. त्यांनी आक्षेपकांशी वाद घालण्यात आयुष्य दवडले नाही. त्या मुलींच्या राहण्याची, सोबतीची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, आणि आपल्या मंडळाच्या वधूवर परिचय पुस्तिकेत आजही परिचारिका असलेल्या मुलीच्या नावापुढे ‘खाजगी नोकरी’ असे छापून आणण्याची विनंती होते. ही विनंती करणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो ती पुस्तिका वाचणाऱ्या आपणा सर्वांचा. आपल्या आईने आपले मलमूत्र काढले त्यास आपण वात्सल्य म्हणतो. म्हाताऱ्या सासऱ्याचे सुनेने काढले तर तिला सुशील म्हणतो. तेच काम शिकून, दाखला मिळवून, परक्या रुग्णासाठी केले की ते हलके कसे ठरते, हे आम्हांस आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, हा शहरांतील रुग्णालयांचा विषय झाला. आपली निम्मी कुटुंबे डोंगरपट्ट्यात राहतात. त्यांचे काय? याचेही उत्तर आमच्यापाशी अनुभवाचेच आहे.

दूर असलेल्या रुग्णास डॉक्टरांनी तपासावे ही कल्पना नवीन नाही. हॉलंडमधील आइंटहोफेन यांनी १९०५ साली रुग्णालयातील माणसाच्या हृदयाचा आलेख दूरध्वनीच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या आपल्या प्रयोगशाळेत काढून दाखविला होता. ७ सप्टेंबर २००१ रोजी तर न्यू यॉर्कमध्ये बसलेल्या मारेस्को नावाच्या शस्त्रवैद्यांनी यंत्राच्या साहाय्याने फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील एका स्त्रीचे पित्ताशय काढले. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर होता. परंतु यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हात महासागरापलीकडचा असला, तरी त्या स्त्रीला भूल देणारे आणि तिच्या उशाशी उभे राहून तिला जपणारे लोक स्ट्रासबुर्गमध्येच असावे लागले. दूरचा हात जवळच्या हातावाचून काही करू शकला नसता.

आपल्या देशात ‘ई-संजीवनी’ ही सरकारी दूरचिकित्सा सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्यकेंद्रांतून सुरू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, घरबसल्या सल्ल्याची शाखाही उघडली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर झालेल्या सल्लामसलतींचा आकडा १० कोटींवर गेला. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतो किंवा असते. ती रुग्णास तपासते आणि पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देते. आमच्या गावच्या उपकेंद्रातील अधिकारी ही परिचर्येची पदवी घेतलेली मुलगी आहे.

२०२३ साली आमची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली. तारीख घेण्यापूर्वी उपकेंद्रात गेलो तो रक्तदाब चढलेला निघाला. तिने पडद्यावर डॉक्टरांशी बोलणे करून दिले, गोळी सुरू झाली, आणि दर आठवड्यास तिने दाब मोजून नोंद ठेवली. शहरात जाऊन ‘दाब वाढला आहे, परत जा’ हे ऐकण्याची पाळी आली नाही. शस्त्रक्रिया झाली, घरी आलो. पाचव्या दिवशी टाक्यांशेजारी लाली दिसली, अंग किंचित तापले. पुढची भेट चार दिवसांनी होती. ‘थांबू’ असे आम्ही म्हणालो. या वेळी कुटुंबाने आमचे ऐकले नाही आणि आम्हांस उपकेंद्रात नेले. पडदा मध्ये दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा डॉक्टर दिसले. त्यांनी जखम पाहिली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ते त्या मुलीला विचारू लागले: जागा गरम लागते का? दाबल्यावर मऊ लागते की घट्ट? वास आहे का? पडद्याला स्पर्श नाही आणि गंध नाही. तिची बोटे हीच त्या वेळी डॉक्टरांची बोटे होती. तिने सांगितले, आणि डॉक्टर म्हणाले, “आजच तालुक्याला जा.” तेथे एक टाका उघडून साचलेला पू काढला. चार दिवस थांबलो असतो तर काय झाले असते याचा विचार आम्ही करीत नाही. पुढची मलमपट्टी उपकेंद्रातच झाली.

तात्पर्य, दूरचिकित्सेचा खरा लाभ प्रवास वाचतो एवढाच नाही. प्रवास केव्हा केलाच पाहिजे हे वेळेवर कळते, हा त्याहून मोठा लाभ आहे. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. छातीत कळ, दम लागणे, थांबत नसलेला रक्तस्राव, शुद्ध हरपणे, अशा वेळी पडद्यापुढे बसू नये. १०८ क्रमांकास बोलावून सरळ रुग्णालय गाठावे.

आता कर्तव्याच्या चार गोष्टी. पहिली, प्रत्येक कुटुंबाने घरातील प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक कागद लिहून ठेवावा. त्यावर चालू औषधांची नावे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे आणि जुने विकार असावेत. रुग्णालयात जाताना दागिन्यांच्या डब्याआधी हा कागद शोधावा. दुसरी, विचारले ते खरे सांगावे. विडी, तंबाखू, मद्य, आणि आपल्या भगिनींची मिश्री, यांपैकी काहीही लाजेपोटी लपवू नये. परिचारिकेस न्यायनिवाडा करावयाचा नसतो, माणूस जिवंत परत आणावयाचा असतो. तिसरी, रक्त पातळ करणारी, मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी की थांबवावी हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने दोन्हींपैकी काहीच करू नये. चौथी, मायेने चहा पाजू नये. आमच्याकडे पाहून तरी पाजू नये.

शेवटी मंडळापुढे एक विनंती. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून आजवर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना साहाय्य मिळाले, ते योग्यच झाले. येत्या वर्षापासून परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना आणि मुलांनाही त्यात स्थान मिळावे. दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांची पदवी असे मार्ग आज खुले आहेत. या व्यवसायात कष्ट आहेत, रात्रपाळ्या आहेत, आणि पुष्कळ खाजगी ठिकाणी वेतन कामाच्या मानाने तुटपुंजे आहे, हे आम्ही लपवीत नाही. ते सुधारले पाहिजे. परंतु ज्या कामास समाज मान देत नाही, त्याचे वेतनही कोणी वाढवीत नाही. मान देणे तरी आपल्या हाती आहे. म्हणून दुसरी विनंती ही की, परिचय पुस्तिकेत यापुढे ‘परिचारिका’ हा शब्द ठळक छापावा.

या निधीसाठी आमच्या निवृत्तिवेतनातून ११,००१ रुपयांची अल्प रक्कम आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. यात दातृत्व काही नाही. हे जुने देणे आहे.

आमची नात, त्याच कन्येची मुलगी, यंदा बारावीत आहे. परिचर्येची पदवी घ्यावी असे तिच्या मनात आहे. मागल्या महिन्यात तिने आम्हांस विचारले, “आजोबा, तुम्हांला चालेल ना?” आम्ही तिला सांगितले की, हा प्रश्न चुकीचा आहे, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येते. “अर्ज केव्हा भरावयाचा, असे विचार.” ती हसली. तिची आई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकले. ती बाहेर आली नाही, पण काही वेळाने आमच्यापुढे न मागता चहाचा कप आला.